अर्धी राहिलेली ओळ



वाचकहो, आज तुमच्यापुढे एक प्रश्न ठेवायचा आहे. दिसायला तो क्षुल्लक आहे, पण प्रपंचात राहून परमार्थ करणाऱ्या माणसाला तो दिवसातून दहा वेळा पडतो. मन कशात तरी लागलेले असते आणि नेमकी तेव्हाच घरातून हाक येते. आपण उठतो, पण चडफडत उठतो. परत येऊन बसतो तेव्हा लय गेलेली असते. मग मनात येते, या घरात पाच मिनिटे कोणी सुखाने बसू देत नाही. आता विचारायचे ते असे: हाक मारणारा माणूस आपल्या आड आला, हे म्हणणे खरे आहे का? आणि ते खरे नसेल, तर हाक आली की हातातले टाकून उठायचे, दर वेळी उठायचे, हाच गृहस्थाचा धर्म ठरतो का?

हा प्रश्न हरिपाठाला लावला तर आपण सगळेच शहाण्यासारखी उत्तरे देऊ. कीर्तनात ऐकलेली दोन वाक्ये सांगू आणि मोकळे होऊ. म्हणून ज्याला कोणी परमार्थ म्हणणार नाही असे एक साधे काम घेऊ. लोकरीचे विणकाम.

समजा, छत्रपती संभाजीनगरात, औरंगपुऱ्यात राहणारी एक गृहिणी आहे. गुलमंडी आणि पैठण गेट पायी जाण्याच्या अंतरावर, रस्त्यावर दिवसभर हॉर्न, दारावर दिवसभर बेल. वय साठीच्या आसपास. तिला विणायची आवड आहे. ती विणून विकत नाही, त्यावर तिचे घर चालत नाही. शाळेत सुलट आणि उलट टाका शिकली, पुढे कोणाच्या बाळंतविड्यात टोपडे दिले, कोणाला मोजे दिले, आणि हाताला सवय लागली ती लागलीच. सध्या ती दिंडीतल्या एका म्हाताऱ्या माळकऱ्यासाठी कानटोपी विणते आहे. कार्तिक वद्य एकादशीला पहाटे इंद्रायणीच्या घाटावर वारा कसा लागतो, ते तुम्हाला सांगायला नको. टोपी त्याच्या आत व्हायला हवी.

बारीक लोकरीच्या टोपीला 108 टाके घातले आणि 60 ओळी विणल्या, तर एकूण टाके होतात 6480. बॉर्डरला दोन सुलट, दोन उलट घ्यायचे असतात. 108 ला चारने पुरा भाग जातो, म्हणून हा आकडा सोयीचा. शिवाय माळेचे मणीही 108. एक ओळ म्हणजे एक माळ, अशा साठ माळा. पण विणणाऱ्या बायकांना यातली अडचण ठाऊक असते. नाम आणि मोजणी एकत्र चालत नाहीत. साधे सुलट विणताना ओठांवर नाम सुखाने चालते, कारण बोटांना वाट पाठ असते. टोपीच्या माथ्याशी येऊन टाके कमी करायची वेळ आली, की एकतर नाम सुटते, नाहीतर टाका.

हे झाले काम. आता घर.

ती अकराच्या सुमाराला बसते. पहिली ओळ निम्म्यावर आली की मुलगा विचारतो, "आई, माझा चार्जर कुठंय?" चार्जर त्याच्या डोळ्यांसमोर असतो. ती बसते. बेल वाजते, कुरिअरवाला आहे, पण वस्तू शेजारच्यांची. ती बसते. आतल्या खोलीतून सासूबाई हाक मारतात, "अगं, आज एकादशी आहे का?" सासूबाई नव्वदीच्या घरात आहेत. हाच प्रश्न त्यांनी थोड्या वेळापूर्वीही विचारला होता. मिळालेले उत्तर त्या विसरतात. आपल्या हातून एकादशी मोडेल ही धास्ती मात्र विसरत नाहीत.

आणि मग नळाला पाणी येते. या शहरात पाणी रोज येत नाही, मध्ये कित्येक दिवस जातात. ते आले की सारे घर उभे राहते. टाकी, पिंप, हंडे, बादल्या. सुया तशाच गादीवर पडतात. तासाभराने ती परत येते, तोवर नातवाने एक सुई ओढून तिची तलवार केलेली असते.

विणकाम ज्यांनी कधी हातात धरले नाही, त्यांना यातले नुकसान कळायचे नाही, म्हणून थोडे सांगतो. मागावरच्या कापडात उभे धागे असतात आणि आडवे धागे असतात. कबीर विणत ते असे. आपल्या शहरातला हिमरू आणि पैठणची पैठणी, हीही मागावरचीच. सुयांवरच्या विणकामात उभे-आडवे काही नसते. एकच धागा स्वतःच्याच फासांतून फिरत जातो. प्रत्येक टाका खालच्या टाक्यातून वर आलेला असतो आणि वरच्या टाक्याने धरलेला असतो. त्यामुळे एक टाका सुईवरून गळला की त्याच्या खालचा मोकळा होतो, मग त्याच्याही खालचा, आणि शिडीसारखी एक फट खाली उतरत जाते. ओळीच्या टोकाला काम थांबवले तर सगळे टाके एका सुईवर असतात. दुसरी सुई मोकळी, ती गुंड्यात खोचून निर्धास्त उठता येते. ओळीच्या मध्ये उठले तर टाके दोन सुयांवर विभागलेले राहतात आणि कुठूनही निसटतात. म्हणून मुरलेली विणणारी ओळ पुरी केल्याशिवाय उठत नाही. 108 टाक्यांची ओळ पुरी व्हायला सवयीच्या हाताला चार-पाच मिनिटे लागतात.

सगळे भांडण या चार-पाच मिनिटांचे आहे. तेवढ्यात घरातले कोणी दम धरत नाही आणि तिच्या मनात जे उकळते ते दिवसभर निवत नाही.

पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्ताला विचलित करणाऱ्या नऊ गोष्टी मोजल्या आहेत. त्यात आजारपण आहे, मनाचा जडपणा आहे, शंका आहे, बेफिकिरी आहे, आळस आहे. विषयांची ओढ आहे, चुकीची समजूत आहे. पायरी न गाठणे आहे आणि गाठलेली पायरी न टिकणेही आहे. ही यादी पुन्हा एकदा नजरेखालून घाला. तीत सासू सापडत नाही, नातू सापडत नाही, दारावरची बेल सापडत नाही. नऊच्या नऊ अडथळे बसणाऱ्याच्या आतले आहेत.

यावर एखादी माउली म्हणेल, योग्याचे काय जाते! त्याला पाणी भरायचे नाही, त्याला कोणी चार्जर विचारीत नाही. बोलणे रास्त आहे. अडथळे आतलेच आहेत हे सांगणे सोपे असते, विशेषतः ज्याच्यासाठी बाहेरचे सगळे दुसरे कोणी सांभाळत असते त्याला. म्हणून अरण्यातल्या योग्याला तिथेच राहू देऊ आणि ज्यांची घरे भरलेली होती त्या आपल्या संतांकडे येऊ. आपल्याकडे एकांत मिळाल्यावर संत झालेला माणूस विरळा. गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी राबली. तिचा दिवस दुसऱ्यांच्या हाकांनीच भरलेला असणार. सावता महाराज मळ्यात होते, आणि मळ्याला पाणी द्यायची वेळ माळी ठरवीत नाही.

पुंडलिकाची कथा वारकऱ्याला सांगणे म्हणजे पंढरपूरकराला चंद्रभागा दाखवणे. तरी तिच्यातल्या एका क्षणापाशी थांबू. पुंडलिक आई-वडिलांचे पाय चेपत बसले आहेत आणि दारात देव आला आहे. त्या घडीला त्या घरात व्यत्यय कोणाचा? देवाचा! साक्षात पांडुरंग त्या वेळी हातातल्या कामाच्या आड आलेला पाहुणा आहे. पुंडलिक त्याच्यावर वैतागले नाहीत. सेवा टाकून धावलेही नाहीत. त्यांनी वीट पुढे केली. उभ्या राहिलेल्याला पाय ठेवायला जागा दिली आणि हातातले पुरे होईपर्यंत थांबायला सांगितले. देवाला त्यात अपमान वाटला नाही, तो प्रसन्न झाला. म्हणजे हाक मारणाऱ्याला थांबवणे आपल्या परंपरेत पाप मानलेले नाही. कसे थांबवले, एवढेच पाहिलेले आहे.

"ओळ होऊ दे, आलेच," असे ती बाई म्हणते तेव्हा ती वीटच पुढे करीत असते. पण तेच शब्द दातओठ खाऊनही म्हणता येतात. तेव्हा समोरच्याच्या पायाखाली वीट जात नाही, अंगावर येते.

इथे एक बोलून घेतो, कोणाला लागले तर लागो. पुंडलिकाची कथा आपण मातृपितृसेवेसाठी सांगतो, ऐकताना डोळे पुसतो, आणि घरी गेल्यावर ती सेवा बहुतेक ठिकाणी सुनेच्या पदरात टाकतो. कथेत पाय चेपतो तो मुलगा आहे. 'तू जरा इकडे बस, मी देवाला भेटून येतो' असे त्याने बायकोला म्हटलेले नाही. सासूबाईंनी एकादशी विचारली तेव्हा त्यांचा मुलगा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता असे समजू. हाक त्यालाही ऐकू आली होती. ती आपल्यासाठी नाही असे त्याने कशावरून ठरवले?

तर मग सगळ्याच हाकांना वीट द्यावी का? तसेही नाही, आणि याची साक्ष आपल्या मराठवाड्यातलीच आहे. धाराशिव जिल्ह्यातले तेर हे गोरोबाकाकांचे गाव. बायको पाण्याला गेलेली, रांगते बाळ बापाच्या नजरेखाली ठेवलेले. काका नामात रंगून चिखल तुडवीत होते. पुढचे तुम्ही जाणता. गोरोबाकाकांची तल्लीनता विठ्ठलाची होती, कानटोपीची नव्हती, तरीही संतचरित्रांनी तिची किंमत झाकून ठेवली नाही. बाळाच्या आईचा आक्रोश कथेत आहे. काकांनी हात तोडून घेतले तेही आहे. पुढे देवाच्या कृपेने हात परत आले, बाळ परत आले, म्हणून आपण ती कथा ऐकू शकतो. आपल्या घरात ती सोय नाही. नातू गॅसपाशी गेला असेल तर ओळ तिथेच टाकायची, टाके गळोत नाहीतर सुई मोडो. आपल्या रंगून जाण्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागत असेल, तर ते रंगणे कितीही पवित्र असले तरी त्याचा हिशोब द्यावा लागतो.

आता नाथांकडे पाहा. पैठण गेटातून बाहेर पडलेला रस्ता पन्नासेक किलोमीटरवर त्यांच्याच गावाला पोहोचतो. काशीची गंगा कावडीत भरून रामेश्वराला न्यायची, हा कोणाचा चार मिनिटांचा छंद नव्हता. महिनोन् महिन्यांची पायपीट, खांद्याला घट्टे, आणि वाटेत तहानेने तडफडणारे गाढव. नाथांनी त्याला वीट दाखवली नाही. 'रामेश्वराहून परत येताना पाजतो' म्हणाले नाहीत. कावड त्याच्या तोंडात ओतली आणि तिथेच रामेश्वर पावला असे मानले. पुंडलिकांनी देवाला थांबवले. नाथांनी गाढवाला थांबवले नाही. दोघांनाही आपण संत म्हणतो, आणि दोघेही बरोबर होते, कारण दोघांनी 'कोणी हाक मारली' यापेक्षा 'त्याला कशाची गरज आहे आणि ती किती वेळ थांबू शकते' हे पाहिले. देव थांबू शकतो. तहान थांबू शकत नाही. चार्जर खुशाल थांबू शकतो.

नळाला पाणी येते तेव्हा ती बाई सुया टाकून उठते, त्यात कुरकुरण्यासारखे खरे तर काही नाही. ते पाणी जायकवाडीचे आहे. पैठणच्या धरणामागे अडवलेल्या त्या पाण्याला आपण नाथसागर म्हणतो. घरातल्या सगळ्यांची पुढच्या कितीतरी दिवसांची तहान त्या एका तासावर टांगलेली असते. फक्त हंडे भरायला तिच्याबरोबर आणखी दोन हात का उठत नाहीत, एवढे विचारावे.

राहता राहिला सासूबाईंचा प्रश्न. मला सगळ्यांत अवघड वाटतो तो हाच. तो चार्जरासारखा फुकटचा नाही आणि तहानेसारखा जिवावरचाही नाही. शिवाय तो संपत नाही. आज उत्तर दिले तरी उद्या आहे, आणि उद्याची गोष्ट कशाला, दहा मिनिटांनी आहे. नाथ गोदावरीवर स्नान करून परतत तेव्हा कोणी अंगावर थुंकायचा आणि ते पुन्हा नदीवर जायचे, असे कितीतरी वेळा झाले. ही कथा आपण सहनशक्तीसाठी सांगतो. मला तीत दुसरेच दिसते. शेवटच्या वेळचे स्नान पहिल्या वेळच्या स्नानाइतकेच शांत होते. 'आता पुरे झाले' हा हिशोब त्यांनी मांडलाच नाही. सासूबाईंच्या दृष्टीने त्या प्रत्येक वेळी पहिल्यांदाच विचारीत असतात. त्यांना मागचे आठवत नाही, म्हणून त्यांच्या बाजूने त्रास देणे असे काही नसतेच. 'आत्ताच सांगितलं ना!' हे वाक्य ज्याला मागचे आठवते त्याच्यासाठी आहे. ज्याला आठवत नाही त्याच्या कानावर ते विनाकारणच येऊन आदळते. आणि उत्तर द्यायला तर उठावेही लागत नाही. "नाही हो आई, आज अष्टमी. एकादशीला मी फराळाचं करीन, तुम्हाला सांगीन." एवढे बोलायला अर्धा टाकाही थांबावे लागत नाही, बोटे चालू राहतात. थांबते ते मन, आणि ते रागाने थांबते.

कोणी विचारेल, एका टोपीसाठी एवढा खल कशाला? बाजारात तयार टोप्या मिळतात. मिळतात. पण तिच्या त्या तासाला 'नुसता छंद' म्हणून बाजूला सारण्याआधी आपल्याच भाषेकडे जरा पाहू. विणकामाचा छंद म्हणतो तो आपण, आणि नामाचा छंद म्हणतो तोही आपणच. शब्द एकच आहे. दोन्हींमध्ये मन कोणी न सांगता, मोबदल्याशिवाय एका जागी जाऊन बसते. ज्या बाईला आयुष्यात कधी स्वतःच्या मर्जीने असे एका जागी बसू दिले नाही, तिचे चित्त एकादशीच्या कीर्तनात मात्र एकदम स्थिर व्हावे, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. मन बसण्याची सवय कुठून तरी लागावी लागते. कोणाला ती मृदंगावर लागते, कोणाला भाकरी थापताना, कोणाला सुयांवर. त्या तासाचे रक्षण तिनेही करावे आणि घरानेही करावे. तो चोरून घेतल्यासारखा वापरायची पाळी तिच्यावर येऊ नये.

रक्षण करूनही चुका होणारच. संध्याकाळी दिव्याखाली ती टाके मोजते आणि ते 107 भरतात. पाण्याच्या गडबडीत कुठेतरी एक गळलेला असतो. शोधल्यावर तो तेविसाव्या ओळीत सापडतो, आणि काम आता एकतिसाव्या ओळीवर आहे. वीण साधी असेल तर क्रोशाच्या सुईने फटीतून एकेक पायरी उचलत टाका वर आणता येतो. बॉर्डरसारखी सुलट-उलट वीण किंवा नक्षी असेल आणि खाली गुंता झालेला असेल, तर आठ ओळी उसवाव्या लागतात. 864 टाके. तेव्हा तिच्या मनात दिवसभराची सगळी माणसे उभी राहतात, चार्जरवाला, कुरिअरवाला, सगळी. या घडीला राग आवरणे हे काही लहान तप नाही.

पण या कामात एक दया आहे, जी शिंप्याच्या कामात नाही. कापलेले कापड पुन्हा अखंड होत नाही. उसवलेल्या लोकरीत मात्र कुठेही काप नसतो. धागा होता तेवढाच, होता तसाच हातात परत येतो. फक्त त्याला वळ्या पडलेल्या असतात, जुन्या टाक्यांची आठवण म्हणा. त्याची लडी करायची, कोमट पाण्यात भिजवायची, न पिळता टांगून ठेवायची, खाली हलके वजन बांधायचे. वाळेपर्यंत वळ्या बऱ्याचशा निघून जातात.

मग त्या लडीचा गुंडा करायचा असतो, आणि ते एकट्याने नीट होत नाही. कोणीतरी दोन हात पुढे करून लडी ताणून धरावी लागते, दुसऱ्याने गुंडाळावी लागते. नव्वदीतल्या हातांना हे काम चांगले जमते. पलंगावर बसल्या बसल्या होते, डोळे नीट नसले तरी चालते, आणि धागा सुटत जाताना मनगटे आपोआप डावी-उजवी डोलू लागतात. सासूबाईंच्या हातात लडी द्यावी. त्या मध्येच विचारतील, आज एकादशी आहे का. समोर बसलेल्या सुनेने गुंडाळता गुंडाळता सांगावे, नाही हो आई, आज अष्टमी.